तुमच्या पाठीचा फोटो

तात्या, परवा डॉक्टरांनी तुमचं वय विचारलं आणि मला सांगता आलं नाही. पानशेत फुटलं त्या साली मिसरूड फुटलं होतं, एवढंच तुम्ही सांगायचा. मी तेच हिंदीत सांगितलं. डॉक्टर पगडीवाले, वयस्क. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे पानशेत काय असतं ते आधी सांग. मग धरणाची सगळी गोष्ट सांगावी लागली. मागं रांगेत वीस माणसं खोळंबलेली.

मी आता पंजाबात असतो, लुधियान्यात. लोकरीच्या गिरणीत गठ्ठे फोडायचं काम आहे. ही लोकर बोटीनं परदेशातून येते. हाताला लोण्यासारखी लागते, वासही नाही. आपल्या मेंढराची लोकर हितल्या मुकादमाला दाखवली तर तो तिनं भांडी घासील. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. तेवढ्यात मी पाच गावं बदलली. ट्रकवर होतो, बोअरच्या गाडीवर होतो, सुरतेला होतो. एका जागी जीव लागत नाही. हा कागदसुद्धा उभ्यानं लिहितोय, गठ्ठ्यावर ठेवून. बसलं की पाठ धरते. चौथीत शाळा सुटली ती याच दुखण्यापायी असं आता म्हणता येईल, पण ते खोटं होईल. तेव्हा पाठ दुखत नव्हती, नुसतंच बूड टेकत नव्हतं.

पाठीचं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. सकाळी उठलो की कमरेत लाकूड घातल्यासारखं व्हायचं. चपलेत पाय घालायला भिंत धरायची. गिरणीतली पोरं म्हणायची, आले बघा आजोबा, खुर्ची द्या त्यांना. आणि दुपारी त्याच पोरांच्या बरोबरीनं मी गठ्ठे ओढायचो, तेव्हा काही नाही. त्यामुळं सगळ्यांना वाटायचं, ह्याची सकाळची कामचुकारी आहे. मलाही तसंच वाटायचं. पाठीसाठी मी दवाखान्यात गेलोच नाही. डावा डोळा लाल झाला, उजेड सोसंना, म्हणून गेलो. डोळ्याच्या डॉक्टरानं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, सकाळी पाठ आखडते का? मला वाटलं, माणूस मंत्र-तंत्र करणारा आहे. पण तेव्हाच तुमचा डोळा आठवला. थंडी पडली की लाल व्हायचा. आई शेळीच्या दुधात कापूस भिजवून त्यावर ठेवायची आणि तुम्ही दुसऱ्या डोळ्यानं मेंढरं मोजत बसायचा.

तिथून मला या पगडीवाल्या डॉक्टरांकडं पाठवलं. ते उपचार करतात आणि या दुखण्यावर संशोधनही करतात. त्यांनी पाठीवर पेनानं दोन खुणा केल्या, वाकायला लावलं आणि खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं. जमिनीकडं वाकलेल्या माणसाची कातडी किती ताणते त्यावरून मणके किती हलतात ते कळतं. मग छातीला टेप, श्वास घे, सोड. मग भिंतीला टाचा लावून डोकं मागं टेकवायचं. माझं टेकलं. तुमचं शेवटच्या वर्षी टेकलं नसतं, मध्ये एक तांब्या बसला असता. रक्त घेतलं. त्या रक्तात एक खूण असते म्हणतात, ती बापाकडून नाहीतर आईकडून येते. खूण असलेल्या सगळ्यांनाच दुखणं होत नाही. का होत नाही, तेच ते शोधतायत. म्हणून ते घरंच्या घरं गोळा करतात. बाप, पोरगा, भाऊ, सगळ्यांच्या पाठी मोजतात, दर सहा महिन्यांनी परत मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात.

त्यांनी मला समजावून सांगितलं तसं तुम्हाला सांगतो. हे मणक्यांच्या सांध्यांचं सुजणं आहे. ओझ्यानं होत नाही, थंडीनं होत नाही, कुणाच्या नजरेनंही नाही. अंगच अंगाशी भांडतं, डोळा लाल होतो तोही त्यातच. सूज येते, जाते, आणि जिथं होती तिथं हाड धरतं. असं होत होत मणक्याला मणका चिकटतो. सूज उतरायच्या गोळ्या आहेत. मी घेतो, पोटात जळजळ होते. परदेशात नवीन औषध तपासतायत, ते आपल्याकडं यायला अजून वेळ आहे. तोवर मोठं औषध म्हणजे हलणं. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं बाकीच्या दुखण्यांच्या उलटं आहे. आराम केला की वाढतं, चाललं की उतरतं. मऊ गादी नको, लाकडी फळीवर झोप, थोडा वेळ पालथा झोप. मग त्यांनी एक काठी मागवली. ती माझ्या मानेमागं आडवी घातली, दोन्ही हात वरून टाकायला लावले आणि म्हणाले, असं ताठ उभं राहायचं, रोज, सकाळ-संध्याकाळ. मी उभा राहिलो. ते म्हणाले, तुला तर आधीच येतंय. कुणी शिकवलं?

तुम्ही दिवसभर असेच उभे असायचा. मेंढरं चरतायत आणि तुम्ही काठी मानेमागं घालून माळावर उभे. दिवाळी झाली की आपण कोकणात उतरायचो, पावसाच्या तोंडाला परत गावाला, कळसला. पहाटे मेंढरांच्या वाड्यावर तुम्ही घोंगड्यातून उठताना आधी गुडघे टेकता, मग घोड्याच्या पाठीला धरता, मग हळूहळू उभे राहता. मामा म्हणतो, "दाजी, घोडं उठलं, तुमी कवा उठनार?" तुम्ही म्हणता, "घोड्याला लगीन करावं लागत न्हाय रं." आणि दोन कोस चालून झाल्यावर तुम्ही सगळ्यांच्या पुढं असता. मामानं एकदा लंगड्या मेंढीला देतात तसा तुमच्या कमरेवर तापल्या सळईनं डाग दिला होता. पुढचे काही दिवस तुम्ही बरं वाटतंय म्हणालात. मला वाटतं ते मामाची समजूत घालायला.

मग मी मोठा झालो आणि मला अक्कल आली. कॅनॉलचं पाणी आलेलं, सगळीकडं ऊस झालेला, लोकांची पोरं ट्रॅक्टरवर बसलेली. माझा बाप तेवढा मेंढरांमागं. तुम्हाला बारामतीला नेलं, पाठीचा फोटो काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, कष्ट जरा बेतानं करा. बेतानं म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं, बंद करा म्हणाले. आणि तुम्हाला म्हणालो, "तात्या, बास झालं. मेंढरं इकून टाकू. आता बसून खावा."

तुम्ही भाकरी मोडत होता. म्हणालात, "मेंढरं बसवली तर रानाला खत मिळतंय. मानूस बसवून काय मिळनार हाय?"

आई म्हणाली, "पोरगं म्हनतंय तर ऐका की. गावात कुणाच्या पोराला बापाची एवढी काळजी हाय?"

"काळजी न्हाय, त्येला लाज वाटतीया," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. मीही हसलो.

कळप विकला. देवाच्या नावानं सोडलेली एक मेंढी तेवढी ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तुम्ही तिला घेऊन निघालेले. एक मेंढी पुढं, मानेमागं काठी घालून एक माणूस मागं. कळसहून अंथुर्ण्याच्या बाजूला कॅनॉलपर्यंत जायचा आणि दिवस कलला की यायचा. चावडीवरनं लोक ओरडायचे, "काय तात्या, कळप लई वाढला की!" तुम्ही म्हणायचा, "व्हय, आवरंना. दोन गडी बघून ठेवा." तुम्हाला मजा वाटायची. मला नाही वाटली. मी चाऱ्याला उसाचं वाढं डोक्यावरनं आणायला लागलो आणि मेंढी दारात बांधली. आता चारायला न्यायचं कारण उरलं नाही. बारामतीवरनं कापसाची जाड गादी आणली. आई शेजारणींना हात लावून दाखवायची. तुम्ही तिच्यावर झोपलात. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मान पुढं येत गेली. तीन वर्षांत असं झालं की कुणी समोर आलं तर तुम्हाला त्याच्या चपला आधी दिसायच्या. एका सकाळी मेंढी सुटून गेली, तिला बघायला तुम्ही कॅनॉलकडं गेलात आणि भरावावरनं पडलात. कमरेएवढाही भराव नव्हता. मान मोडली. लोक म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं माणूस जातोय व्हय? मी हेही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जातो. चिकटलेली मान वाळल्या काटकीसारखी असते.

डॉक्टरांना तुमच्या पाठीचा तो फोटो हवा होता. गेल्या दिवाळीला मी पुण्याला रेल्वे सोडली, एसटीनं डाळजला उतरलो आणि घरी गेलो. आई म्हणाली, "फोटू कुठला आता? गिरान लागलं तवा पोरांनी कापून वाटून घेतला. त्यातनं सूर्य बघत व्हती समदी. म्या बी बघितला." मग तिनं पत्र्याच्या पेटीतून तिच्या वाटणीची पट्टी काढून दिली. तळहाताएवढी. त्यात तुमचे तीन मणके आहेत, एकाला एक जोडलेले. डॉक्टरांनी ती पट्टी दिव्यापुढं धरली आणि म्हणाले, बांबू. मला उसाची पेरं दिसली.

मग त्यांनी वही उघडली. विचारलं, वडिलांनी चालणं कधी सोडलं, आणि का? पाठ वाकली म्हणून चालणं सुटलं, की चालणं सुटलं आणि मग पाठ वाकली? म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण प्रत्येकाचं नीट लिहिलं तर पुढं कधीतरी कळेल. आठवून सांग.

आठवायला काही वेळ लागला नाही. मी म्हणालो, पाठ वाकली, चालवेना, म्हणून त्यांनीच मेंढरं विकली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मला हिंदी नीट येत नाही म्हणून तसं झालं, असं नाही. पानशेत सांगता आलं, तर हेही आलं असतं.

मंगळवारी सहा महिने भरतात, परत टेप लावायला जायचंय. वही तिथंच असते, टेबलावर. हा कागद मी पट्टीबरोबर घडी करून ठेवतोय.

कळप विकायला नेला तेव्हा तुम्ही कळसहून बारामतीच्या बाजारापर्यंत चालत गेलात, सगळ्यात पुढं, मानेमागं काठी घालून, ताठ. मी मागनं टेम्पोत बसून आलो.