बांधावरचे गवत आणि जपानचे आजोबा

सेनगाव,
दिवाळीच्या अलीकडचा रविवार

तीर्थस्वरूप पंचफुला अक्कांना भावजय वत्सलाचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? काढा घेता की नुसता उकळून ठेवता? कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरची भजी बंद करा, असे मागे सांगितले होते. बंद केली नसणार, म्हणून पुन्हा सांगते. आमच्याकडे सर्व क्षेम. ह्यांची साखर आटोक्यात आहे, तूर फुलावर आली आहे आणि तुमचे धाकटे बंधू अमृतभाऊजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. बांधाचा जुना वाद तुम्हाला पाठ आहे, तो उगाळत नाही (बांध त्यांनीच कोरला, एवढेच).

पत्रास कारण विशेष नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काय करते, असे तुम्ही गणपतीत विचारले आणि मी 'रेडिओ' म्हटल्यावर 'गाणी लागतात का?' एवढे बोलून झोपी गेलात, म्हणून सविस्तर लिहिते. हा नुसता ऐकण्याचा रेडिओ नव्हे, बोलण्याचा. त्याला सरकारी परीक्षा असते, मग परवाना मिळतो. (चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा हे त्याला म्हणाले, "हिला बोलायला परवाना लागतो, हे मला लग्नाच्या आधी काहून नाही सांगितलं कुणी?" पोलिसाला हसू आवरेना. मी दोघांनाही चहा दिला नाही.)

त्यातही माझा प्रकार कमी शक्तीचा. लोक शंभर वॅट लावून जगाच्या कानात ओरडतात. माझे पाच वॅट. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब याहून जास्त खातो. यंत्र चहापत्तीच्या डब्याएवढे, ते फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालते, आणि गच्चीवरून आमच्या बाभळीपर्यंत एक साधी तार. टिंबे आणि रेघा वाजवून मजकूर पाठवायचा. सिद्धेश्वरच्या धरणात जाळे टाकले तर कोणालाही मासा मिळतो. एकच गळ टाकून बसण्यात जी मजा, ती ही. वर्गात शिकवताना माझा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा म्हणणाऱ्यांनी (म्हणजे तुमच्या धाकट्या भावाने) आता मला पाहावे. मी इतके हळू बोलते की समोरच्याला कान टवकारावे लागतात, आणि तो टवकारतो. मीही टवकारते. दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची आयुष्यातली ही माझी पहिलीच वेळ. लाइट गेली की शेजारच्या टीव्ही-मोटारींची खरखर थांबून सारे कसे स्वच्छ ऐकू येते. लाइट गेल्यावर खूश होणारी गावात मी एकटीच बाई.

आता झालेली गंमत. (मला ती वाटलेली नाही.) गेल्या पंधरवड्यात रेडिओ लावला की एक टिंब ऐकू येई. जरा थांबून पुन्हा टिंब. संथ, एकसारखे, न थकणारे. मला वाटले कोणी नवशिका बोट बसवतो आहे. मास्तरणीचा जीव, मी नमस्कार पाठवला, नाव विचारले, 'आता रेघही शिका' असा सल्ला दिला. उत्तर तेच, टिंब. रोज संध्याकाळी मी त्याला धीर दिला, चिकाटीचे कौतुक केले. शेवटी संशय येऊन साधा ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि टिंबाचा माग काढत निघाले, तर आवाज वाढत वाढत मला थेट बांधावर घेऊन गेला. अक्का, तो नवशिका म्हणजे तुमच्या भावाचे झटका मशीन! रोही आणि रानडुकरे तुरीत शिरू नयेत म्हणून त्यांनी कुंपणाच्या तारेत झटका सोडला आहे. बांधावरचे कमरेएवढे गवत त्या तारेला टेकले आहे; प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडते आणि माझ्या कानात टिंब पडते. ज्या माणसाशी मी बोलत नाही, त्याच्या कुंपणाला मी शाबासकी देत होते.

भाऊजी पलीकडे उभेच होते. आमचे बोलणे जनावरांमार्फत चालते, हे तुम्ही जाणता. ते बैलाला म्हणाले, "काहून रे ढवळ्या, झटका कमी पडून राहिला. डोक्यावर तार टाकून करंट कोण ओढून राहिलं, बराबर समजलं ना तुला?" मी आमच्या शेळीला सांगितले, "ज्याला गवत दिसत नाही त्याला करंट काय दिसणार, बाई! झटका सगळा गवतात चाललाय म्हणावं." "ढवळ्या, मंग कापून टाक म्हन की तिला!" "कापते. पण मग बांध माझा, हे कबूल आहे का विचार गं." भाऊजींनी ढवळ्याला वळवून घराकडे नेले. खरी अडचण तीच आहे. मी विळा लावला तर ते म्हणणार बांध बळकावला. त्यांनी लावला तर मी तलाठ्याकडे जाणार (जाईनच). म्हणून गवत वाढते आहे, त्यांच्या तुरीत रोही शिरतात आणि माझ्या कानात टिंब.

तेही सोसले असते. पण मागच्या रविवारी जपानच्या एका बेटावरचे आजोबा लागले. त्यांचे तर दोनच वॅट! प्रत्येकाला सरकारने दिलेली अक्षरांची खूण असते; दोघांनी एकमेकांची खूण पूर्ण घेतल्याशिवाय भेट झाली असे धरत नाहीत. त्यांनी माझी घेतली. त्यांच्या खुणेचे शेवटचे अक्षर मात्र झटक्याखाली गेले. पुन्हा मागितले, पुन्हा गेले. आजोबा जराही चिडले नाहीत. भाऊबीजेनंतरच्या रविवारी याच वेळी परत येतो, म्हणाले (तारीख त्यांनी सांगितली, भाऊबीज मी लावली). इतक्या लांबून, इतक्या हळू, कोणी माझ्यासाठी परत येणार आणि मी त्याला निम्मेच ओळखायचे, हे मला चालणार नाही.

असो. कोणाकडे काही मागण्याचा माझा स्वभाव नाही. प्रकृतीस जपा.

आपली,
वत्सला

ता. क. भाऊबीजेला तुम्ही येतच आहात. ओवाळणे झाले की बांधावर चला आणि गवत कापा. तुम्ही माहेरवाशीण, तुम्ही कापले तर बांध त्यांचाही ठरत नाही, माझाही नाही. विळा तुमचा आणा. माझा घेतलात तर ते हरकत घेतील, त्यांचा घेतलात तर मी. कापलेले गवत इथे ठेवू नका, त्याच्यावरून वेगळा अबोला सुरू होईल. ते तुमच्या म्हशीसाठी घेऊन जा, न्यायला जीप सांगितली आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात भाऊजी अंगणात येऊन माझ्या शेळीशी बोलून गेले. स्वतःचा बैल सोडून थेट माझ्या शेळीशी! म्हणाले, "अक्का येऊन राहिली भाऊबीजेला. गवत तिच्याच हातानं कापून घ्यावं म्हनतो. आयडिया माझी हाय, सांगून ठेव." अक्का, हे पत्र जपून ठेवा. कल्पना आधी कोणाला सुचली, याचा उद्या वाद होणारच आहे.