पहाटे पाचची शिट्टी

२ फेब्रुवारी, सकाळी ८.५०
फौजेतून रिटायर होऊन आज बरोबर एक वर्ष. या वर्षभरात घराची शिस्त पार रसातळाला गेली. आजवर मूग गिळून बसलो. आता नाही. नव्या ऑर्डर्स: ५.०० शिट्टी. ५.१० पांघरुणांच्या घड्या. ५.१५ चिरंजीव मैदानावर, पळायला. १२ एप्रिलला भरतीची चाचणी आहे. चिरंजीव फौजेत जाणार हे तो चौथीत असतानाच ठरलंय. मी त्याला तेव्हा रीतसर विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता.
ऑर्डर्स फ्रिजवर चिकटवल्या. बायकोने विचारलं, यात तुमचं नाव कुठे आहे? म्हटलं, हुकूम काढणाऱ्याचं नाव सहीच्या जागी असतं.

३ फेब्रुवारी, ९.१५
शिट्टी वेळेवर. चिरंजीवांना उठायला सात मिनिटं लागली. कन्या उठलीच नाही. कॉलेज अकराला आहे म्हणाली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र ताबडतोब उठले आणि खाली येऊन बरंच बोलून गेले.
मीही पळायला जाणार होतो. पण शिट्टी इतकी जोरात मारली की दमच लागला. जरा आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा नऊ. उद्यापासून नक्की.

७ फेब्रुवारी
गुडघा. डॉक्टरांना दाखवलेला नाही, पण दुखत असावा. चिरंजीव एकटेच गेले. ठरवलं की अंथरुणातूनच देखरेख करायची. हाताखालच्यावर विश्वास टाकता आला पाहिजे.

१९ फेब्रुवारी
चमत्कार! चिरंजीव पहिल्या शिट्टीला उभे. पांघरूण काढलं तर पायात बूट, लेस बांधलेल्या. गडी बूट घालून झोपतो! मी बावीस वर्षं नोकरीत काढली, पण झोपेत बूट घालणारा जवान पाहिला नाही. शाबासकी दिली. त्याने मान खाली घातली. विनय माझ्याकडून आलाय.
बायको म्हणाली, आता झोपा. झोपलो.

२७ फेब्रुवारी
भरतीचा फॉर्म मी स्वतः भरला. सही त्याची घेतली. जमा करायला त्याच्याकडेच सोपवला. जमा केलास का विचारलं, तर हं म्हणाला.
जेवताना बर्फातल्या चौकीची हकिगत सांगितली. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही तर ब्लँकेटच्या स्टोअरमध्ये होता. होतो! पण ब्लँकेटशिवाय बर्फात कोण टिकलंय? आणि मोजून सांगतो, माझ्या बावीस वर्षांत एकही ब्लँकेट हरवलं नाही. घरात या गोष्टीची काडीची किंमत नाही.

८ मार्च
मिश्या आला होता. माझ्याबरोबर स्टोअरमध्ये होता, आता दोन गल्ल्या सोडून राहतो. चिरंजीवांची प्रगती ऐकून त्याने नुसत्या मिश्या कुरवाळल्या. त्याचा स्वतःचा पोरगा विम्याच्या ऑफिसात आहे. जळणारच.
जाताना बायकोने त्याला ताजा ब्रेड बांधून दिला. हल्ली घरात रोज ताजा ब्रेड असतो. कुठून येतो विचारलं, तर कोपऱ्यावरच्या बेकरीतून म्हणाली. स्वस्त पडतो म्हणे.

१५ मार्च
चिरंजीवांचे दंड भरले आहेत. जोरांचा परिणाम. वजन तीन किलोंनी वाढलंय, सगळे स्नायू. मनगटावर भाजल्यासारखा चट्टा आहे. दोरावर चढताना घासलं असणार. आज कानामागे पांढरी पावडर दिसली. पळणारे लावतात हल्ली. विचारलं, पंधराशे मीटरला किती वेळ लागतो? विचार करून म्हणाला, मोजलं नाही, पण जमेल. आत्मविश्वास म्हणतात तो हा.
सोमवारपासून मैदानावर जाऊन स्वतः वेळ लावणार.

१८ मार्च
सोमवार गेला. सर्दी.

११ एप्रिल
कोटाला इस्त्री केली. पदक लावलं. दीर्घ सेवेचं आहे, पण लांबून कळत नाही. रात्री चिरंजीव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, बाबा, एक सांगायचं होतं. म्हटलं, चाचणीच्या आदल्या रात्री कुणी बोलत नसतं, झोप. सगळेच जवान आदल्या रात्री घाबरतात.

१२ एप्रिल, दुपारी १
चिरंजीव सव्वापाचला निघाला. मी आणि मिश्या नऊला मैदानावर पोचलो. सहाशे पोरं रांगेत. एकेक नाव पुकारलं जात होतं. शेवटचं नाव झालं. टेबलावरच्या क्लार्कला म्हटलं, नजरचुकीने राहिलं असेल. त्याने यादी तीनदा पाहिली. फॉर्मच आलेला नाही म्हणाला.
मी ओरडलो, पोराला अपघात झाला असेल, हॉस्पिटलला फोन करा. तेव्हा मिश्याने माझा हात धरला आणि म्हणाला, चल, दाखवतो.
कोपऱ्यावरच्या बेकरीत नेलं. काउंटरमागे भट्टी. भट्टीपुढे एप्रन बांधून माझा मुलगा. लांब दांड्याच्या फळीवरून ब्रेड बाहेर काढत होता. एकही पडला नाही. बेकरीवाला मिश्याकडे बघून हसला. म्हणजे हासुद्धा इथलं रोजचं गिऱ्हाईक. घरच्यांचं एक वेळ समजू शकतो. मिश्याने केसाने गळा कापला.
मी आत न जाता परत आलो.

१२ एप्रिल, रात्री ८
जेवणाच्या टेबलावर चौकशी बसवली. बायको म्हणाली, आधी टेबल पुसू द्या. टेबल पुसून झाल्यावर चौकशी सुरू.
निष्पन्न: चिरंजीव १० फेब्रुवारीपासून बेकरीत कामाला. बायकोला माहीत. कन्येला माहीत. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा माहीत, ते तिथूनच बिस्किटं घेतात. सगळ्या बिल्डिंगला माहीत, मला कानोकान खबर नाही. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, सगळे फितूर.
मी म्हटलं, खोटं. रोज पाचला मी तुला अंथरुणातून उठवलंय, या हाताने.
तो म्हणाला, बाबा, पाळी रात्री अडीचला सुरू होते. पीठ मळून फुगायला ठेवलं की तासभर मोकळा असतो. तेवढ्यात घरी येऊन अंथरुणात पडायचो. ताई दार उघडायची. तुमची शिट्टी झाली की परत जाऊन भट्टी लावायचो.
म्हणजे दोन महिने माझा मुलगा पहाटेच्या अंधारात चालत घरी येत होता, बुटांसकट पांघरुणात शिरत होता आणि मी त्याला उठवत होतो.
विचारलं, कशासाठी हा तमाशा? त्याने कन्येकडे पाहिलं. कन्येने बायकोकडे. शेवटी बायको म्हणाली, मीच सांगितलं होतं त्याला. दिवसभरात तुम्हाला दुसरं काम नाही. तेवढं एक राहू दे म्हटलं.
चौकशी तहकूब केली. जेवलो नाही.

१३ एप्रिल
कोणाशीही बोलायचं नाही असं ठरवलं. दिवसभर पाळलं. संध्याकाळी लक्षात आलं की कोणी बोलायला आलंच नव्हतं. कन्या एकदा डोकावून गेली, तिने जेवणार का एवढंच विचारलं. जेवलो.
भूक लागली होती म्हणून जेवलो. याचा अर्थ माफ केलं असा नाही.

१४ एप्रिल, पहाटे ५.१०
पाचला उठलो. सवयीने त्याच्या खोलीपर्यंत गेलो. अंथरुणाची घडी घातलेली, कडेला कड, स्टोअरमध्ये घालायचो तशी. कधी शिकला कोण जाणे, मी तर शिकवलं नव्हतं. पीठ आता फुगत असेल. हा तासभर त्याचा मोकळाच असतो.
पण तो आता घरी येत नाही. यायचं कारण उरलं नाही. पाच मिनिटं दारात उभा राहिलो आणि परत येऊन अंथरुणात पडलो.