आबांचा वस्तरा, माझा हात

आबा, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. माझी शाळा चौथीतच सुटली, तवा अक्षराला हसू नका.

दुष्काळाच्या साली बलुत्याचं धान्य कुणाकडूनच आलं न्हाय. तुम्ही हत्यारांची धोकटी खुंटीला टांगून खडी फोडायला गेलात आणि उजव्या हाताचा अंगठा चेचून घेतलात. जखम भरली, पण अंगठा वाकेना. न्हाव्याचा अंगठा वाकेना म्हणजे काय, ते घरात कुणी तोंडानं बोललं न्हाय. मला भाऊ न्हाय. मीच म्हणाले, मला शिकवा. आई म्हणाली, बाईच्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल? तुम्ही म्हणालात, "आधी मी देतो."

पहिल्या दिवशी तुमच्या गालाला वस्तरा लावला तवा कळंबची एसटी नुकतीच गेली होती. ती परत आली तरी एकच गाल झाला होता. फेस तीनदा वाळला, तीनदा लावला. मला दम निघत न्हाय, तुम्हाला ठाऊकच हाय. दुसऱ्या दिवशी हात पळवला आणि तुमची हनुवटी कापली. तुम्ही तुरटी फिरवलीत आणि म्हणालात, "हात पळवू नको. वस्तरा रोज पट्ट्यावर घास, कातडी ताणून धर, एक जागा दोनदा खरवडू नको. येळ आपोआप कमी हुतो." मला रागच आला. पण पुढच्या पेरणीपर्यंत चुलीवरचा चहा उकळायच्या आत दाढी व्हायला लागली. हात काही पळत नव्हता. मधे मधे थांबायचा, तो थांबेनासा झाला होता.

मग गावात दूध सोसायटी निघाली. माणसं दूध घालून आपल्या दारातल्या लिंबाखाली दाढीला यायची. आधी दोघं, तीबी लाजत, मग रांगच. त्या रांगेनं माझं डोकं फिरलं. एक दिवस सोसायटीचा चेअरमन बसला. माझी नजर रांगेवर, गालावरनं वस्तरा तसाच पुढं गेला आणि अर्धी मिशी उडाली. त्याचा बाप समोरच बाजेवर बसलेला, चांगला जिता. आपल्यात बाप मेल्यावर मिशी काढतात. म्हातारा म्हणाला, "पोरी, मी कवा मेलो गं? मला कुणी सांगितलंच न्हाय." माणसं हसली, पण चेअरमन तोंडाला टॉवेल धरून उठला. उद्यापास्नं येडशीचा न्हावी आणतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कुणी आलं न्हाय.

तुम्ही आलात. धोकटी उचलून मला सोसायटीच्या दारात नेलंत आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मान मागं टाकून डोळे मिटलेत. "गळा कर," म्हणालात, "आन् रोजच्यावानीच कर." मी वस्तरा पट्ट्यावर घासला, कातडी ताणून धरली. दुधाचं एक माप होईपर्यंत गळा साफ, रक्ताचा ठिपका न्हाय. तुम्ही उलटा हात फिरवून बघितलात आणि विचारलंत, "आता कोण बसतंय?" चेअरमनचाच बाप काठी टेकत आला. "माझी मिशी गेली तरी चालंल," म्हणाला, "माझा बाप कवाच गेलाय."

तिथून रांग तुटली न्हाय. आता स्टँडाजवळ माझं दुकान हाय, आरशाचं, फिरत्या खुर्चीचं. पोरं मशिनी घेऊन बसतात, तरी म्हातारी माणसं माझ्याच खुर्चीला अडून राहतात. माझ्याइतकी झटपट आणि साफ दाढी आसपास कुणी करत न्हाय. हे मिजाशीतच लिहिते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तवा शेवटची दाढी मीच केली. एक गाल केला आणि थांबले. फेस वाळू दिला, परत लावला. बाहेर एसटी येऊन गेली. तुम्ही म्हणालात, "एवढा येळ? धार लावली न्हाईस व्हय?" मी म्हणाले, व्हय, विसरले. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. दोन दिवसांनी गेलात.

हा कागद धोकटीत तुमच्या वस्तऱ्याखाली ठेवते. धार लावलेली होती, आबा. मला उरकायचं नव्हतं.