तुंगाचा स्वार्थ

प्रिय नील,

एकाच गावात विजयनगरहून तुमची बोगादी ती केवढीशी लांब, तरी पत्र लिहितेय. हे समोर बसून बोलायची माझी छाती नाही, आणि सोमवारच्या ऑपरेशनआधी ते तुला कळायला हवं.

तुझी बायको तुला किडनी देतेय म्हणून सगळे तिचे गोडवे गाताहेत. मला मात्र महिनाभर तुंगाचा संशय येत होता. वीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, 'आधी आपण की आधी दुसरा' यावर मुलांकडून पानंच्या पानं लिहून घेतली. निव्वळ परोपकार मला कुठे भेटला नाही. फुकट कोण काय देतं? घर तिच्या नावावर होतंय का, हेही मी तुझ्याकडून आडून आडून काढून घेतलं. नाही म्हणालास. मग वाटलं, जन्मभर तुला उपकाराखाली ठेवायचं असेल.

शुक्रवारी ती चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्यांना हळदकुंकू लावायला निघाली, तेव्हा मीही गेले. भक्तीने नव्हे, पाळत ठेवायला. प्रत्येक पायरीवर वाकून बोट टेकवत होती. नवस म्हणजे देवीशी सौदाच की, असा टोमणा मी मारला. अर्ध्या वाटेवरच्या नंदीपाशी टेकलो तेव्हा ती हसून म्हणाली, स्वार्थच की अक्का, संध्याकाळी कॉफीला मला ते समोर पाहिजेत, त्यांच्यासाठी कुठं करतेय मी? मला तरीही पटेना.

मग तिने कुंकवाच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझ्या तपासणीचा रिपोर्ट. तुझी फाइल तीच सांभाळते ना. नील, ताईची किडनी चालणार नाही, असं डॉक्टरांनी तुला सांगितलं. ते मीच त्यांना एकटी भेटून सांगायला लावलं होतं. माझी तुला पूर्ण जुळत होती. मी घाबरले. नाही म्हणायचा हक्क मला होता, असं अजूनही वाटतं. पण 'ताई, तुला किती वाईट वाटत असेल' म्हणत तू माझा हात धरून रडलास, ते सांत्वन घ्यायचा हक्क मला नव्हता. तुंगाला हे दोन महिने ठाऊक होतं. परवागिल्ला अक्का, असू दे, त्यांना एकच बहीण आहे, एवढंच म्हणाली आणि पुढच्या पायरीवर वाकली. तिने झाकलं ते मी उघडं करतेय; कागद सोबत आहे. किडनी द्यायचा आजही माझा धीर होत नाही रे. सोमवारी शुद्धीवर आलास की आधी तिची चौकशी कर. मी बाहेर बाकावर असेन. बोलवावंसं वाटलं तरच बोलव.

तुझीच,
मृदुलाताई