ललिताच्या मनगटातली फट

११ एप्रिल १९८०
ललिता कैऱ्या काढताना झाडावरून पडली. डावं मनगट टम्म सुजलं. पुढच्या महिन्यात लग्न, आणि नवरी झाडावर! म्हणालो, एवढी चढाई अभ्यासात केली असतीस तर बारावीला दुसऱ्यांदा बसावं लागलं नसतं. तर म्हणते, "बाबा, लग्न मोडलं तरी चालेल, हात मोडायला नको. मला नर्सिंगला जायचंय." हे तिचं रोजचंच.

१२ एप्रिल
महाडला नेलं. एक्स-रे काढला. मनगटाच्या हाडात आडवी काळी फट. मी मास्तर ना — लगेच बोट ठेवलं, "इथं तुटलंय." डॉक्टर हसले. "गुरुजी, हाड शाबूत आहे, नुसतं मुरगळलंय. ती फट म्हणजे कूर्चा. मऊ असते, म्हणून फोटोत उमटत नाही. ती वाढत जाते आणि मागून तिचं हाड होत जातं — हाडाची लांबी तिथूनच वाढते. वाढ संपली की फट बुजते."
मग सहज विचारलं, "वय काय हिचं?"
अठरा पूर्ण, म्हणालो.
पुन्हा फोटो पाहिला. "सोळाच्या फार वर नसेल."
ललिता माझ्याकडे बघत राहिली. मी गाडीची वेळ विचारली.

१४ एप्रिल
जयंतीचं भाषण मीच केलं. मुलींना शिकवा, म्हणालो. कन्यारत्न पहिल्या रांगेत, एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्याने मांडीवर टाळ्या वाजवत होती.

१५ एप्रिल
लिहूनच टाकतो. ती साडेतीन वर्षांची होती. तिची आई सुंदरा भातलावणीला जायची, पोरीला सांभाळायला घरात कोणी नाही. शाळेत माझ्यासमोर बसेल म्हणून मीच रजिस्टरात तिचं वय सहा लिहिलं. तारीख एक जून — सगळ्यांचीच तीच टाकायचो. पुढे ते वय मलाच खरं वाटू लागलं. लाज वाटते.

१७ एप्रिल
पोलादपूरला जाऊन होणाऱ्या व्याह्यांना, मुरारींना, सांगून आलो — लग्न होणार नाही. म्हणाले, "गुरजी, कागदावर अठरा हाय ना? मंग झालं."
"कागद मीच लिहिलाय, म्हणून तर सांगतोय."
चहा मिळाला नाही. घरी आल्यावर ललिताला सांगितलं तर रडली, आणि मग नर्सिंगच्या फॉर्मवर सही मागितली. फॉर्म आधीच भरून तयार!

१८ एप्रिल
सुंदराने एक्स-रे दारातल्या उजेडात धरला. फटीवरून बोट फिरवलं. "मी तुमच्या घरात आली तवा माज्याबी हातात ही आसंलच की."
तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मी एकवीसचा, ट्रेनिंग झालेला मास्तर.