नव्या रंगाखालचा दिवा

अमळनेर, सोमवार, १७ ऑक्टोबर १९३८

आबांची मोटार मी चालवतो. तिच्यातल्या तेलाच्या काट्यामागचा दिवा दसऱ्यापासून बंद. आबांनी दोन नवे दिवे आणवले, तेही पेटेनात. मी सांगत होतो, पूजेसाठी काट्यांची पाटी रंगवली तेव्हा रंग स्क्रूखाली गेला, म्हणून दिव्याची तार लोखंडाला टेकत नाही, वीज पोचत नाही. पण ड्रायव्हरचं ऐकतंय कोण?

आबा म्हणायचे, "रंग नवा शे. हात लावू नको, नाहीतर घरी बस."

आज आबा पेढीवर बसले होते, तेव्हा स्क्रूखालचा सुपारीएवढा रंग खरवडला. दिवा लागला. आबांनी आधी दिवा पाहिला, मग ती सुपारीएवढी जागा. कुणी खरवडलं, विचारलं. मी म्हटलं, मी.

आबा मागच्या सीटवर जाऊन बसले, म्हणाले, चल. पुन्हा रंगवतील का? रंगवू देत. पेचकस माझ्या खिशातच आहे.