चिमीच्या नावे आलेले औषध

प्रति,
मा. औषध भांडार अधिकारी,
विभागीय औषध भांडार, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय: कु. चिमी हिच्या नावे मंजूर झालेले पेनिसिलिन आजच्या आज मिळण्याबाबत.
संदर्भ: "रुग्णास समक्ष हजर करावे" हे आपल्या कचेरीचे कालचे पत्र.

महोदय,

खाली सही करणार श्रीपाद दिनकर पिंपळखरे, जुन्या संस्थानच्या दप्तरातील सेवानिवृत्त लेखनिक, सविनय सादर करतो की, अर्ज मराठीत आहे याबद्दल राग मानू नये. हिंदी प्रत सोबत जोडली आहे. पण घरचे दुःख मला मायबोलीतच नीट मांडता येते.

१. माझी नात राजलक्ष्मी, वय वर्षे तीन, हिला वैशाखात कांजिण्या आल्या. त्या उतरल्या, पण मांडीवरची एक खपली तिने खाजवून काढली. तिथे लाली आली, मांडी सुजली, अंग तव्यासारखे तापले. इस्पितळातील डॉक्टरसाहेबांनी रक्त तपासून सांगितले की, स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू जखमेवाटे रक्तात शिरले आहेत, लहान मुलाच्या अंगात ते फार झपाट्याने पसरतात, आणि पेनिसिलिन ताबडतोब टोचले तरच आशा आहे.

२. पेनिसिलिन आपल्या भांडारात होते. मात्र संस्थान मध्यभारतात विलीन झाले, जुना साठा अजून नव्या सरकारच्या नावे व्हायचा होता, म्हणून कपाटाला सील होते. प्रत्येक रुग्णाच्या नावानिशी मंजुरी आणावी, असा हुकूम. आणि मंजुरी देणारे साहेब उन्हाळी राजधानी म्हणून सगळ्या दप्तरासह इंदूरला गेलेले. बाजारात ते औषध कोठेच मिळेना. मी त्याच दिवशी अर्ज पाठवला.

३. येथे आमच्या घरची एक रीत सांगणे भाग आहे. नातीला माझ्या कैलासवासी पत्नीचे नाव ठेवले होते. सासूचे नाव सुनेने घ्यायचे नाही, म्हणून माझी सून सौ. शामला मुलीला चिमीच म्हणे. इस्पितळात नर्सबाईंनी नाव विचारले, तेव्हा मुलगी तापात बरळत होती, तरी सूनबाईच्या तोंडून सासूचे नाव निघाले नाही. तिने चिमी सांगितले. त्यामुळे माझा अर्ज राजलक्ष्मीसाठी आणि इस्पितळाची मागणी चिमीसाठी, अशा आमच्या दोन मुली इंदूरला पोचल्या.

४. उत्तर येण्याआधीच आमची एकुलती एक मुलगी गेली. शेवटी तिला पाणीही गिळवत नव्हते. मग वरातीमागून घोडे यावे तशा दोन मंजुऱ्या आल्या. राजलक्ष्मीची आपण मृत्यूच्या दाखल्यावरून रद्द केलीत, ते नियमाला धरूनच झाले. चिमीची मात्र कायम आहे. आपले लेखनिक मला म्हणाले, "बाबूजी, चिमी को ले आइए, दवा ले जाइए." त्या भल्या माणसावर माझा राग नाही. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून खूप रडलो.

५. आता मूळ विनंती. इस्पितळात आमची मुलगी होती त्याच खाटेवर आज महाराज बाड्यावरचा टांगेवाला रामदीन याची मुलगी मुन्नी पडून आहे. तिच्या गुडघ्याच्या जखमेतून तेच जंतू रक्तात गेले आहेत, आणि डॉक्टरसाहेबांचे शब्दही तेच आहेत. तिचाही अर्ज इंदूरला गेला आहे. त्याचे उत्तर कधी येते हे मला ठाऊक आहे. ते तेराव्याला येते.

६. आपणास चिमी समक्ष हवी आहे. ती त्या खाटेवर आहे, असे मी आजोबा या नात्याने लिहून देतो. पुढेमागे चौकशी होऊन हे खोटे ठरले, तर शिक्षा मला एकट्याला व्हावी. या वयात तुरुंगाचे भय कसले? औषध तेवढे आज द्यावे. खात्री करायची असल्यास आपला माणूस वॉर्डात पाठवावा. मुन्नीला आई नाही, म्हणून माझी सून तिच्या उशाशी बसून असते. ती तिला चिमी म्हणूनच हाक मारते, आणि मुलगी ओ देते.

आपल्या एका सहीच्या आशेवर असलेला,
श्रीपाद दिनकर पिंपळखरे
लष्कर, ग्वाल्हेर. ता. १४ जून १९४९

सोबत:
१. चिमीचे मंजुरीपत्र.
२. अर्जाची हिंदी प्रत.
३. औषध नेण्यासाठी बर्फाचा डबा. तो घेऊन रामदीन आपल्या दाराशी उभा आहे. बर्फ वितळत आहे.